गयेत काय सोडायचं

“आप्पा, साबण कुठल्या पिशवीत आहे?”

“हिरव्या. तळाला बघ.”

हिरव्या पिशवीच्या तळाला साबण नव्हता. धोतराच्या घडीत गोळ्यांच्या पट्ट्या गुंडाळून ठेवल्या होत्या. मी एकेक उलटसुलट करून पाहिली. एकाही पट्टीचा कागद फुटलेला नव्हता. आई गेल्यानंतर मी कोल्हापुरातून दर महिन्याला नेऊन दिलेल्या सगळ्या गोळ्या जशाच्या तशा होत्या.

आप्पा खिडकीशी बसून खालचा रस्ता बघत होते. गयेतली ती धर्मशाळा, दुपारची वेळ. आमच्याबरोबर यात्रेला आलेली बाकीची मंडळी जेवून पाठ टेकायला गेली होती. आम्हा दोघांना जिन्याजवळची लहान खोली मिळाली होती.

“सावकाश शोध,” आप्पा म्हणाले. “न्हाईतर कोपऱ्यातल्या डब्यात असंल.”

“हे सापडलं,” मी म्हणाले आणि पट्ट्या खाटेवर ठेवल्या.

त्यांनी वळून पाहिलं. चोरी पकडली गेल्यासारखा चेहरा अजिबात झाला नाही. उलट सांगायचं एक काम कमी झालं, असा झाला.

“आई गेल्यापासून एकही घेतली नाहीत?”

“न्हाई.”

“रोज फोनवर विचारत होते मी. हो म्हणत होता.”

“तू जेवण झालं का विचारायचीस. झालं असायचं.”

“आप्पा!”

“उद्या सोडायचीच हाय. म्हटलं, आधीपासनं सवय असलेली बरी.”

“काय सोडायची आहे?”

“गोळी,” ते म्हणाले. “उद्या वडाखाली.”

मला क्षणभर काही कळलं नाही, आणि मग कळलं तेव्हा मी खाटेवर बसले.

गयेला पिंडदान झालं की शेवटी अक्षयवटाखाली जातात. तिथं गेलेल्या माणसाच्या नावानं एक वस्तू सोडायची असते. एखादं फळ, एखादी भाजी, काहीतरी आवडीचं. जे सोडलं ते पुन्हा जन्मात तोंडात घालायचं नाही. आमच्याकडे म्हातारी माणसं पंगतीत पानावरचा पदार्थ बाजूला सारून सहज सांगतात, “हे गयेत सोडलंय.” त्यावर कुणी आग्रह करत नाही.

येताना गाडीत सगळा वेळ हाच विषय होता. आमच्या शेजारच्या गावच्या पारूमावशी समोरच्या बाकावर होत्या. त्यांनी कारलं सोडायचं ठरवलं होतं.

“मावशी, तुम्ही कारलं खाता कधी?” मी विचारलं.

“न्हाई की. म्हणून तर सोडतीया. देवाला काय कळतंय?” असं म्हणून त्या आप्पांकडे वळल्या. “दाजी, तुमचं काय ठरलं? लोणी सोडा बघा. सुटणार न्हाई तुमच्यानं, पन सोडा.”

“ठरलंय माझं,” आप्पा म्हणाले होते.

मला वाटलं होतं, लोणीच. मनातून मला बरंही वाटलं होतं. डॉक्टरांना आणि आईला इतक्या वर्षांत जे पुरतं जमलं नाही ते गयेच्या वडानं होईल. कारण आप्पांचं एक होतं. देवाधर्माचं त्यांना फार वेड नव्हतं, पण शब्द दिला की दिला. माझ्या बारशाला त्यांनी जोतिबाच्या नावानं तंबाखू सोडली. चुन्याची डबी त्यानंतर वर्षानुवर्षं फळीवर पडून होती. ती फेकलीही नाही आणि उघडलीही नाही. उद्या वडाखाली ते ‘गोळी’ म्हणाले असते, तर कोल्हापूरचेच काय, मुंबईचे डॉक्टर आले असते तरी ती त्यांच्या तोंडात गेली नसती.

“औषध सोडत नसतात, आप्पा,” मी शक्य तितक्या शांतपणे म्हणाले. “आवडीची वस्तू सोडतात.”

“मला आवडत न्हवती असं कुणी सांगितलं?”

“गोळी?”

“तिच्या हातची होती,” ते म्हणाले. “आवडायची.”

ते खरं होतं. गडहिंग्लजजवळच्या आमच्या गावात आप्पा दूध संस्थेचे सेक्रेटरी होते. पहाटे आणि संध्याकाळी गावातलं दूध यायचं. आप्पा त्याची फॅट बघायचे आणि फॅटवर दर ठरायचा. लोक किटली ठेवून उभे राहायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, “किती लागली, सेक्रेटरी?” जास्त लागली की माणूस हसत घरी जायचा. कमी लागली की म्हशीला शिव्या. पुढे निवृत्तीच्या सुमाराला आप्पांना झटका आला. कोल्हापूरला नेलं, हृदयाच्या नळीत स्टेंट बसवली. रक्तात कोलेस्टेरॉल फार वाढलंय, म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा आप्पा खाटेवरून म्हणाले होते, “आयुष्यभर दुसऱ्याच्या म्हशीची फॅट काढली. आता माझी काढताय व्हय? किती लागली?”

डॉक्टर हसले. आई हसली नाही. त्या दिवसापासून तिनं घर ताब्यात घेतलं. कढईत तेल पळीनं ओतायचं बंद झालं, चमच्यावर आलं. तळणाची कढई झाऱ्यासकट माळ्यावर गेली. मटण सणापुरतं, तेही चरबी काढून. सकाळी आप्पा ओढ्यापर्यंत चालून येताना दिसले नाहीत तर ती शेजारच्या पोरांना विचारायची. आणि संध्याकाळचं जेवण झालं की गोळी तळहातावर ठेवून त्यांच्या समोर उभी राहायची. गिळल्याशिवाय हलायची नाही. “जीभ दाखवा,” असं सुद्धा म्हणायची.

आणि गेली तीच. अंगणात धुणं वाळत घालता घालता. काडीसारखी बाई, कधी डोकं दुखलं म्हणून झोपली नाही. हृदयाचंच, डॉक्टर म्हणाले. गाव येऊन बसलं तेव्हा प्रत्येक जण आधी आप्पांकडे बघायचा आणि मग म्हणायचा, “हिला कसं काय?”

“आप्पा,” मी खाटेवरून म्हणाले, “ती गोळी तापाची नाही, बरं वाटलं की बंद करायला. ती बंद केली की नळ्यांत पुन्हा थर साचायला लागतो. स्टेंट आहे तुमच्या आत.”

“मला फॅटचं सांगतीस?”

“हो, सांगते. दुधातल्या फॅटचं तुम्ही सांगा, रक्तातल्या फॅटचं डॉक्टर सांगतील.”

“तुझा तो डॉक्टर म्हणायचा, एक चांगली असती, एक वाईट असती. आमच्या संस्थेत वाईट फॅट कधी आलीच न्हाई.”

एरवी मी हसले असते. 

“तुम्हालाही जायचंय का? तसं असेल तर सरळ सांगा. मग त्या वडाला कशाला मध्ये घालता?”

माझा आवाज चढला असावा. शेजारच्या खोलीत पारूमावशी खोकल्या. आप्पा उठले, दार लावून घेतलं आणि माझ्याजवळ न बसता समोर भिंतीला टेकून खालीच बसले. बराच वेळ गुडघ्यावरची धूळ झाडत राहिले. धूळ नव्हती.

“म्हशीचं दूध तापवलं की त्यावर साय किती येती, तुला ठावं हाय,” ते म्हणाले. “आदी तिचं लोणी व्हायचं, तूप व्हायचं. मला डॉक्टरनं बंदी केल्यावर तिनं घुसळायचंच बंद केलं. म्हणायची, घरात लोणी असलं की तुम्ही चोरून खाणार. खाल्लं असतं मी. खोटं कशाला बोलू.”

“मग?”

“मग सायीचं काय करायचं? मला दोनदा साय काढून दूध द्यायची. ती साय वाटीत साठायची. टाकवायची न्हाई तिला. दुधाचा माणूस मी, मलाबी बघवलं नसतं. मग भाकरीवर घालून, वर चटणी टाकून उभ्या उभ्याच खायची. चुलीपाशी. रोज.”

मी माहेरी गेल्यावर ते पाहिलं होतं. एका हातात भाकरी, दुसऱ्या हातानं पातेलं विसळणं चालू. मला त्यात कधी काही दिसलं नव्हतं.

“मी हसायचो,” आप्पा म्हणाले. “म्हणायचो, खा, तू तरी खा. अंगाला लागू दे जरा. ती म्हणायची, मला काय होतंय, ह्या हाडांवर चढायला जागा कुठं हाय?” ते थांबले. “माझ्या वाटणीची साय खाल्ली तिनं, उजे. इतकी वरसं. आणि मी तिच्या हातनं गोळी खाल्ली. मी राहिलो, ती गेली. फॅट कुठनं निघती आणि कुठं जाती, हे ज्याला आयुष्यभर कळलं, त्याला आपल्या घरातलं कळलं न्हाई.”

खाली रस्त्यावर कुणीतरी भांडी विकत ओरडत गेलं.

“म्हणून गोळी सोडणार,” मी म्हणाले.

“दुसरं काय सोडू? दुसरं काय हाय माझ्याकडं तिच्या हातचं?”

ह्यावर माझ्याकडे एक उत्तर होतं. ते मी गेले काही महिने माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात घेऊन हिंडत होते. प्रवासात गाडीच्या टोकाला जाऊन, तोंड धुतल्याचं निमित्त करून ते घेत होते. आप्पांना इतक्यात सांगायचं नाही, असं नवऱ्याला आणि मुलीला बजावून ठेवलं होतं. आधीच त्यांचा माणूस गेलेला होता.

मी पर्समधून माझी पट्टी काढली आणि त्यांच्या पट्ट्यांशेजारी ठेवली.

“ही पन माझीच व्हय?”

“नाही. माझी आहे.”

त्यांना आधी वाटलं, मी त्यांना मनवायला काहीतरी नाटक करते आहे. त्यांनी पट्टी उचलली, चष्मा वर सारून डोळ्यांजवळ नेली. ती अर्धी संपलेली होती. अंगठ्यानं ते फुटलेल्या घरांवरून हात फिरवत राहिले.

“कवापासनं?”

“आईचं दिवसकार्य झाल्यावर डॉक्टरांनीच बोलावून घेतलं. म्हणाले, आई अशी अचानक गेली, तुमचं रक्त तपासा.”

आप्पांनी मान वर केली. “किती लागली?”

दुसऱ्या कुणी असं विचारलं असतं तर मला विचित्र वाटलं असतं.

“त्यातली जी वाईट असते, ती एकशे नव्वदच्या वर.”

“म्हशीची लागली की गं.” ते पुटपुटले. मग एकदम सावरून बसले. संस्थेत एखाद्याचं दूध शंकेचं वाटलं की ते असेच बसायचे. “साय खातीस?”

“मी? दुधावर दिसली तरी कप परत करायची मी. तुम्हीच मारायचात त्याच्यासाठी.”

“तूप?”

“वरणावर, नावाला.”

“चालत नसशील. नोकरी बसायची तुझी, गिऱ्हाईक येईपर्यंत पुस्तक वाचत.”

“वाचनालयात गिऱ्हाईक नसतं, आप्पा. आणि रोज सकाळी रंकाळ्याला फेरी मारते मी. तुमच्यापेक्षा जास्त चालते.”

“मग कुठनं आली एवढी?”

“आईकडून,” मी म्हणाले. “रक्तातनंच. डॉक्टर म्हणाले, काही घराण्यांत असतं हे. शरीराला ती फॅट काढून टाकता येत नाही. माणूस बारीक असो की जाड, साय खावो की न खावो. मामा कसा गेला आठवतं ना? बांधावर बसल्या बसल्या. चाळिशीसुद्धा नव्हती. आणि आजोबा, तेही तसेच.”

“मामाला ऊन लागलं होतं.”

“आपण म्हणालो ऊन लागलं.”

मला त्यांच्या चेहऱ्यावर हिशेब चाललेला दिसत होता. आईचा भाऊ, आईचे वडील, आई, मी.

“म्हंजे साय नसती खाल्ली तरी…” ते म्हणाले आणि पुढं बोलले नाहीत.

मला ‘हो’ म्हणता आलं असतं. त्यांना तेच हवं होतं आणि तेवढ्यानं सगळं सोपं झालं असतं. पण ज्या माणसानं चाळीस गावकऱ्यांच्या तोंडावर खरी फॅट सांगितली, त्याला मी खोटी सांगू शकले नाही.

“सायीनं भर घातली असेल,” मी म्हणाले. “पण मूळ तिथं नव्हतं. मूळ तिच्या रक्तात होतं, लग्नाच्या आधीपासून. तिचं रक्त कधी तपासलं असतं, तर तिलाही हीच गोळी मिळाली असती. तुमच्याबरोबर. ते तुम्हाला सुचलं नाही, मला सुचलं नाही, डॉक्टरांना सुचलं नाही. आणि तिनं तर हात पुढे केलाच नसता.”

“न्हाई केला असता,” आप्पा म्हणाले. “सुईला भ्यायची.”

पहिल्यांदा त्यांचे डोळे भरले. मी दुसरीकडे बघितलं. आमच्या घरात तेवढीच रीत होती.

मग ते म्हणाले, “मला सांगितलं न्हाईस.”

“तुम्ही घाबराल म्हणून.”

“मग आता का सांगितलंस?”

“तुम्ही सोडायला निघालात म्हणून.”

“आणि ओवीची?” ओवी माझी मुलगी, तेव्हा बारावीत होती.

“अजून नाही केली.”

“हितनं गेल्याबरोबर कर. रडली तरी कर.” हे त्यांनी सेक्रेटरीच्या आवाजात सांगितलं. मग पट्टी माझ्या हातात दिली. स्वतःच्या पट्ट्यांना मात्र हात लावला नाही.

“आणि उद्याचं?” मी विचारलं.

“उद्याचं उद्या बघू,” ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. मी त्यांच्या पट्ट्या माझ्या पर्समध्ये टाकल्या. त्यांनी पाहिलं की नाही, माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फल्गूच्या काठी वाळूत बसून पिंड झाले. आप्पा गुरुजी सांगतील तसं करत होते, एकही शब्द चुकत नव्हते. मी मागे उभी होते. माझं लक्ष मंत्रांत नव्हतं. वडाच्या दिशेनं आम्ही चालायला लागलो तेव्हा मी त्यांना काहीतरी विचारणार होते, पण त्यांनी माझा हात धरला आणि विचारायचं राहून गेलं. धरलेल्या हातावर काही दबाव नव्हता. त्यावरून काहीच कळत नव्हतं.

वडाखाली गर्दी होती. आमच्याकडच्या यजमानांचा पंडा मोडकं-तोडकं मराठी बोलायचा. त्याची घाई चालली होती. एकेकाला पुढं घेऊन विचारत होता, “बोला, काय सोडता? बोला.” आप्पांची पाळी आली. त्यांच्या ओंजळीत त्यानं पाणी घातलं.

“बोला, आप्पा. काय सोडता?”

आप्पा ओंजळीतल्या पाण्याकडे बघत उभे राहिले. पंड्यानं दोनदा विचारलं. मागची माणसं ढकलायला लागली. शेवटी तो माझ्याकडे वळला. “तवर बेटी, तुम्ही बोला. तुम्ही काय सोडता?”

मी काहीच ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, “साय.”

“खोटं,” आप्पा म्हणाले.

पंडा दचकला. “काय?”

“खोटं बोलतीया. ती साय खातच न्हाई. लहानपणापासनं.”

मागं पारूमावशी फिसकन हसल्या. मीही हसले असावे, कारण आप्पांच्या ओठाच्या कडा हलल्या. आई गेल्यानंतर त्या पहिल्यांदा हलल्या.

“आवडतं तेच सोडायचं असतं, बेटी,” पंडा समजावून म्हणाला.

“तिचं राहू दे,” आप्पा म्हणाले. “माझं घ्या. दूध.”

“दूध?” पंड्यानं त्यांच्याकडे नीट पाहिलं. “दूध नका सोडू, आप्पा. दूध गेलं की दही गेलं, ताक गेलं, चहा गेला, पेढा गेला. फळ सोडा एखादं. लई फळं आहेत.”

“फळाचं मला काय हाय? दूध. आणि दुधाचं जे जे होतं ते समदं.”

“प्रसादाचं पंचामृत?”

“डोक्याला लावीन.”

डॉक्टरांनी दूध सोडायला कधीच सांगितलं नव्हतं. साय काढलेलं चालेल, असं ते म्हणाले होते. मी ते सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. तो विषय डॉक्टरांचा राहिला नव्हता.

“कुणाच्या नावानं?”

आप्पांनी आईला नावानं कधी हाक मारली नव्हती. आम्ही ‘उजाची आई’ एवढंच ऐकत मोठे झालो. त्यांनी घसा खाकरला.

“अनुसया,” ते म्हणाले, आणि ओंजळ सोडली.

पाणी मुळाशी गेलं. पंडा पुन्हा माझ्याकडे वळला. “बेटी, आता तुमचं.”

“तिला काही सोडायला लावू नका,” आप्पा म्हणाले. “लहान हाय ती.”

मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होते. पंड्यानं माझ्या केसांतल्या पांढऱ्या बटांकडे पाहिलं, आप्पांकडे पाहिलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

आम्ही बाहेर आलो. सकाळपासून कुणाच्याच पोटात काही नव्हतं. रस्त्याच्या कडेला चहाची टपरी होती. पातेल्यात दुधाचा चहा उकळत होता आणि शेजारी तापवून ठेवलेल्या दुधावर दाट साय धरत होती. आप्पा त्याच्याकडे जुन्या ओळखीच्या माणसाकडे बघावं तसे बघत उभे राहिले. मग टपरीवाल्याला म्हणाले, “बिना दूध का. दो.”

“मी कशाला?” मी म्हणाले. “माझं काही सुटलेलं नाही.”

“एकट्याला कसा जाईल?”

काळा चहा आला. आप्पांनी एक घोट घेतला आणि असं तोंड केलं की टपरीवाला साखरेचा डबा घेऊन धावला. त्यांनी हातानं नको म्हटलं. दुसरा घोट घेतला. तोही तसाच गेला. त्यांनी पेला बाकावर ठेवला आणि बराच वेळ त्याच्या कडेवर बोट फिरवत राहिले.

आप्पा यंदाच्या उन्हाळ्यात गेले. सुतक फिटल्यावर लोक म्हणाले, म्हातारा मोठा हट्टी, इतक्या वर्षांत घोटभर ताकसुद्धा प्यायला नाही. मला त्यांचा तो वडाखालचा शब्द फार आठवत नाही. टपरीवर ते काय म्हणाले, ते आठवतं.

“उजे,” ते म्हणाले, “गोळी असल्या चहाबरोबर घेतली तर चालती व्हय?”

“चालते.”

“मग काढ की. दोघांच्याबी.”